उद्देशिका वाचणारी मुलगी

आमच्या कॉलेजात प्रत्येक कार्यक्रम संविधानाच्या उद्देशिकेने सुरू होई आणि ती नेहमी मीच वाची. वर्गात बौद्ध घरची मी एकटी. बाकीची बहुतेक शेतकऱ्यांची, व्यापाऱ्यांची मुलं. पहिल्या वर्षी मला तो मान वाटला. तिसऱ्या वर्षापर्यंत वैताग आला होता. उद्देशिका शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेली होती.

त्या वर्षी बाहेरून तपासणी समिती येणार होती. प्राणिशास्त्र विभागाने तिला दाखवायला माझा प्रकल्प निवडला: सानगडीच्या तलावातले मासे. पावसाळाभर ढिवरांच्या जाळ्यांपाशी उभी राहून मी नमुने जमवले होते, बरण्या भरल्या होत्या. समितीपुढे त्यांच्याविषयी पाच मिनिटं बोलायला मिळावं, एवढंच मला हवं होतं.

आदल्या दिवशी विभागप्रमुख सरांनी बोलावलं. उद्देशिका मी वाचायची, प्रकल्प दुसरी मुलगी सांगेल. सगळं एकीलाच कसं देणार?

मी म्हटलं, "मग मला मासेच द्या, सर. उद्देशिका दुसऱ्या कोणाला सांगा."

सर खरंच दुखावले. "ती तुझ्याच तोंडी शोभते. मानच देऊन राहिलो ना आम्ही तुला."

प्रकल्प माझ्या बाकावरच्या मैत्रिणीकडे गेला. तिच्या वडिलांचं बाजारात किराण्याचं दुकान. सकाळी ती बरण्यांपाशी मला घेऊन गेली.

"मरळ कोणती न मागूर कोणती, सांग न बाई. मले त दोन्ही सारखेच दिसतात."

मिशा असलेली मागूर, मी सांगितलं.

"तू काहून तोंड पाडून राहिली? तुले त माइक भेटला."

अदलाबदल करू, तू उद्देशिका वाच, असं मी सुचवलं. ती हसली. "मी वाचली त लोक म्हणतील, इले काय झालं?"

मी वाचली. दुपारी समिती विद्यार्थ्यांशी बोलायला बसली, तेव्हा सरांनी मला पुढच्या रांगेत बसवलं. एका सदस्यांनी विचारलं, मी इथे समाधानी आहे का.

"विभागात तुम्ही पाहिलेल्या माशांच्या बरण्या माझ्या आहेत," मी म्हटलं. "त्यांच्याबद्दल मला विचारा."

सदस्यांनी दाराशी उभ्या सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, सकाळची उद्देशिका हिनेच वाचली.

"हो का? छान वाचलीस," सदस्य म्हणाले आणि शेजारच्या मुलाकडे वळले.