तुमचं तुम्ही ठरवा

गडमुडशिंगीत आम्ही मुलींसाठी मोटारी भरायचा वर्ग चालवायचो. विहिरीवरची मोटार जळली की तिच्यात तांब्याची तार नव्यानं भरायची, हे काम शाळा सुटून घरी बसलेल्या मुली शिकत. मी निवृत्त शिक्षिका. वर्गासाठी पैसे मागणं माझ्याकडे होतं. कंपन्यांच्या सीएसआर फंडाकडे प्रस्तावांमागून प्रस्ताव पाठवले, बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एकांनी कळवलं, "शिवणकाम असतं तर विचार केला असता." इकडे मालक वर्गाची खोली रिकामी करा म्हणत होते आणि शिकवणाऱ्या बाई दुसरीकडे नोकरी शोधत होत्या.

अशात कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या फाउंडेशनचं बोलावणं आलं. मी वेळेआधीच जाऊन गेटवरच्या केबिनमध्ये बसले. शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ, मांडीवर प्लास्टिकची फाइल.

"कुठनं आलासा ताई?"

ते आजऱ्याचे होते. काजूच्या कारखान्यात राबणाऱ्या बायांच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवत. मुलांना संध्याकाळचं जेवणही तिथंच. त्यांनी डबा उघडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. "अर्जात ते आउटकम म्हंजे काय लिवलासा ओ तुम्ही?" त्यांनी विचारलं, आणि कितीतरी दिवसांनी मी हसले.

मग आम्हाला एकदमच आत बोलावलं. अधिकारी तरुण होता, बोलायला मऊ.

"दोन्ही कामं चांगली आहेत. पण यंदाच्या बजेटमध्ये एकच बसतंय."

"निम्मं निम्मं द्या," मी म्हटलं.

"तसं करता येत नाही, मॅडम." त्यानं घड्याळ बघितलं. "मला मीटिंग आहे. तुमचं तुम्ही ठरवा आणि मला सांगा."

आम्ही सायकल स्टँडच्या सावलीत उभे राहिलो. आधी मीच बोलायला लागले. खोलीचं सांगितलं, बाईंचं सांगितलं. वर्ग बंद पडला की लग्न लावून देतो म्हणून एका मुलीचे वडील टपून बसलेत, तेही सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते.

"माझी पोरं बी तसलीच हायत, ताई."

जन्मभर वर्गात छडी घेऊन उभी राहिलेली मी, त्या परक्या माणसापुढे हात जोडले. "तुम्ही पुढच्या वर्षी घ्या. माझ्याकडे पुढचं वर्षच नाही."

त्यांनी माझे हात धरून खाली केले. त्यांचेही डोळे भरले होते. "तुमचं पटतंय की. पन मला सोडायला जमायचं न्हाय. पोरांस्नी जाऊन काय सांगू?"

एवढं बोलून ते आत गेले. त्यांच्यामागून जाऊन मीही भांडू शकले असते. पाय उचललाच नाही. गेटवरच्या शिपायानं पाणी दिलं, ते पिऊन मी रिक्षा शोधायला निघाले.

महिनाअखेर वर्ग बंद झाला. तार गुंडाळायची मशिनं माझ्या घरी जिन्याखाली आणून ठेवली. रविवारी दोघी-तिघी येतात, शेजारपाजारच्या पंख्याच्या मोटारी भरतात. जिचे वडील टपून बसले होते, तिचं लग्न झालं. अक्षता टाकायला मी गेले होते. ती माझ्याशी बोलली नाही.

पावसाळ्यानंतर आजऱ्याहून फोन आला. फंड मिळाला होता, पोरं पोटभर जेवत होती.

"राग हाय व्हय मनात?" त्यांनी विचारलं.

"नाही हो."

"मग या की एकदा. पोरं बघून जावा."

"येते," म्हटलं मी. अजून गेलेले नाही.