सरकारचं आसन

शिलाईवाल्या मावशी सुई बाहीत खोचायच्या, चहा गार करून प्यायच्या आणि आपल्या बहिऱ्या मांजरीला रोज खणखणीत आवाजात रागवायच्या.

"आई, ती बहिरी आहे. ऐकू आम्हाला येतं," सून म्हणायची.

त्या पांढऱ्या मांजरीला घरात ‘सरकार’ म्हणत. मशीन सुरू झालं की सरकार फळीवर चढून थेट कापडावर बसायची. खाली ठेवली की पुन्हा वर. कपड्यांना चिकटलेल्या केसांपायी दोन गिऱ्हाइकं तुटली, तेव्हा सुनेने बजावलं, "रविवारपर्यंत बघते. नाहीतर सरकारची रवानगी माझ्या माहेरी."

मावशींनी सरकारला उचलून मांडीवर घेतलं.

त्या दुपारी दोरा तुटला आणि मशीन थांबलं. सरकार लगेच उठून चालती झाली. मावशींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हिला कापड नको होतं, मशीनची थरथर हवी होती.

त्यांनी मशीनच्या पायाला टेकवून एक स्टूल ठेवलं, त्यावर उशी. सरकार फळीवर आली की पायडल बंद, स्टुलावर बसली की सुरू. तीन दिवस दोघी हट्टाला पेटल्या होत्या. शनिवारी सरकार आपणहून स्टुलावर चढली आणि गाढ झोपली.

"जिंकलात बाई तुम्ही," सून म्हणाली. "आता उठा आणि गिऱ्हाइकाच्या त्या शर्टाला हाताने बटणं लावा."

"मशीन थांबलं तर उठेल ती," म्हणत मावशी ऐटीत एका चिंधीवर टिपा मारत राहिल्या. शर्ट त्या दिवशी बिनबटणांचाच राहिला.