अध्यक्ष आणि तिचा थर्मास

अमेरिकेतल्या आमच्या विद्यापीठाच्या मराठी मंडळाला इतकी बेशिस्त अध्यक्ष आजवर मिळाली नाही आणि पुढेही मिळणार नाही. हे मी थोड्या जळफळाटानेच लिहितोय. तिच्याविरुद्ध मी निवडणुकीला उभा होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे अध्यक्ष म्हणून आईला फोटो पाठवायची फार हौस होती. पडलो आणि सचिव झालो.

मंडळाच्या घटनेत अध्यक्षाची कामं तीनच: सभा बोलावणं, सह्या करणं आणि पाहुण्यांचं स्वागत. ताई, आम्ही सगळे अध्यक्षांना हेच म्हणायचो, पहिली दोन माझ्यावर ढकलायची आणि तिसऱ्याचा अर्थ वाटेल तसा ताणायची. भारतातून येणारा प्रत्येक नवा विद्यार्थी तिच्या लेखी पाहुणाच. आपली खटारा गाडी घेऊन ती मॉरिसव्हिलहून विमानतळावर जायची, थर्मासमधला चहा पुढे करायची आणि नाव विचारण्याआधी म्हणायची, "आधी आईला फोन कर." मी एकदा चाचरत म्हटलं, "ताई, हे घटनेत नाहीये." तर म्हणाली, "जाऊ नये असं लिहिलंय का? नाही ना? मग चल यार, बॅगा उचल."

दिवाळीला डीन आले, तेव्हा मी तिला तीन पानी भाषण लिहून दिलं होतं. तिने दोन वाक्यांत माइक ठेवला आणि डीनच्या हातात श्रीखंडाचा डाव दिला. वाढता वाढता ते इतके खुलले की पुढच्या वर्षीचा हॉल त्यांनी आपणहून देऊ केला. माझं भाषण तिने डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं होतं.

हद्द म्हणजे माझी आई. फोनवर माझ्याआधी हिची चौकशी: "अध्यक्षीणबाई जेवल्या का रे?"

यंदा ताई नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात, शॉमबर्गला निघाली. जाताना थर्मास माझ्याकडे ठेवून गेली. ती निघाली त्याच दिवशी मी बिनविरोध अध्यक्ष झालो आणि दुपारी आईला फोटो पाठवला. आई म्हणाली, "छान आलाय. पण तिला तिकडे न्यायला कोण आलं असेल रे?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी ताईला फोन लावला.

"पोचलीस? न्यायला कोण आलंय?"

"कोण येणार? कॅब बुक करतेय. अमेरिकेत पहिल्यांदा उतरले तेव्हा तरी कोण होतं? सवय आहे रे."

मागे विमानतळावरच्या सूचना ऐकू येत होत्या. अध्यक्षाने अशा वेळी काय बोलायचं, ते घटनेत नव्हतं. मला एकच वाक्य येत होतं, तेही तिचंच.

"ताई, आधी आईला फोन कर."

ती म्हणाली, "करते, अध्यक्ष."