पयलं मला बघू द्या

खायची-प्यायची कोणतीही गोष्ट समोर आली, की आबा ती आधी नाकाशी नेत. चहा, भाकरी, पाटोद्याच्या बाजारातली खरबुजाची फोड, लग्नातली बुंदी, सगळंच. हुंगायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि मग तोंडात घालायचे. दुसऱ्याचं ताटही सुटायचं नाही. "पयलं मला बघू द्या," म्हणत हात पुढे करायचे.

त्यांची बायको, म्हणजे आम्हा गल्लीकरांच्या मावशी, त्यावरून कायम धुसफुसायच्या. "चाळीस वर्षं झाली, माझ्या हातचं हुंगून खातोय ह्यो माणूस. अजून इश्वास न्हाई!"

"इश्वास हाय," आबा शांतपणे म्हणायचे. "सवय बी हाय."

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याची एक सवय उलगडली की तो सगळाच कळेल असं वाटतं. मला त्या हुंगण्याचं फार कुतूहल होतं. मी तेव्हा तिशीतला, गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. आबा रोज सकाळी दूध घालायला येत आणि जाता जाता इतरांच्या कॅनवरही वाकून जात. एकदा विचारलंच.

आबा कोरडवाहू रानात वाढलेले. एका दुष्काळात घरातलं खाणारं एक तोंड कमी व्हावं म्हणून फौजेत गेले. भरतीच्या साहेबाने विचारलं, काय येतं? "जनावरं समजत्यात," हे म्हणाले. साहेबाने त्यांना खच्चरांच्या पलटणीत टाकलं. बर्फाच्या डोंगरात दारूगोळा वर न्यायचा, जखमी खाली आणायचे. वाटेत ओढा लागला की आबा आधी स्वतः पाणी चाखायचे, मग खच्चराला पाजायचे.

"कावून?" मी म्हणालो.

"खच्चर बोलून सांगत न्हाई बाबा, पाणी कसंय ते. मग आपुन सांगावं."

त्यांच्या खच्चराला नाव नव्हतं, खुरावर डागलेला नंबर होता. बावीस. लढाईत आबांच्या मांडीत गोळी शिरली तेव्हा वाट दाखवायला कोणी नव्हतं. शुद्ध हरपलेल्या आबांना पाठीवर घेऊन बावीस एकटाच खाली तळावर आला.

पेन्शन घेऊन ते गावी आले, लेकरं वाढवली, नातवंडं खेळवली. नातींच्या वेण्या तेच घालायचे, खच्चराच्या पाठीवरचा पट्टा आवळावा तशा. शाळेत जाताना पोरींच्या भुवया वर ताणलेल्या असायच्या. आणि गोठ्यात जो बैल यायचा, त्याचं नाव बावीस. मी पाहिला तो चौथा बावीस.

आता, जे सांगायला मी हे लिहायला बसलो, ते सांगतो.

त्या साली सलग दुसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नाही. मांजरसुंब्याच्या रस्त्याला, माळावर, आमच्या संस्थेनं जनावरांची छावणी उघडली. दोनशेच्या आसपास जनावरं रांगेनं बांधलेली, आणि निम्मं गाव तिथंच पालं टाकून राहिलेलं. एकदा दोन दिवस चाऱ्याची गाडी आली नाही. मी धावपळ करून एका रानातली ज्वारी मिळवली. पाण्यावाचून गुडघ्याएवढीच होऊन खुंटलेली, पण हिरवीगार. पेंढ्या उतरवल्या तशी जनावरांनी दावी ताणली. दुपारी चेअरमन पाहणीला यायचे होते. त्यांना दावणीत हिरवं दिसावं, ही माझी हौस.

आबांनी एक पेंढी उचलली, हुंगली, कांडं दाताखाली धरलं आणि थुंकले. "सेक्रेटरी, ही घालू नको. खुंटलेल्या ज्वारीत इख असतंय. चार रोज उन्हात वाळू दे."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण चेअरमन चार दिवसांनी नव्हे, दुपारी येणार होते.

"आबा, ही तुमची पलटण न्हाई," मी सगळ्यांदेखत म्हणालो. "आडवं येऊ नका."

लोक हसले. आबांच्या बरोबरीचा एक म्हातारा ओरडला, "बे फौजी, बैल एक, अन् रुबाब साऱ्या छावणीचा!"

आबा रागावले नाहीत. "बरं. मग पयलं माझ्या बैलाला घाल. घटकाभर दम धरा. त्याला काय झालं न्हाई तर समद्यांना घाला."

मला वाटलं, म्हाताऱ्याला मान हवाय. मीच पेंढी सोडून बावीसपुढे टाकली. आबा त्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. पुढचं सगळं त्यांना ठाऊक होतं, हे मला उशिरा उमगलं.

बैल आधाशासारखा खात होता. मग त्याला धाप लागली, तोंडाला फेस आला, गुडघे दुमडले. कोणी गुळाचं पाणी आणलं. पाटोद्याहून डॉक्टर निघेपर्यंत सगळं संपलं होतं. रांगेतली बाकीची जनावरं उपाशी हंबरत होती, आणि जिवंत होती.

चेअरमन आले. "ह्याला काय झालं?"

"म्हातारा बैल, ऊन लागलं," मी म्हणालो.

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि रुमालाने बैलाचं तोंड पुसत राहिले. घरी मावशींनाही मी तेच सांगितलं. ऊन लागलं.

पाचवा बावीस आबांनी आणला नाही. मी मात्र त्यांच्याकडे जात राहिलो, पंधरा वर्षं. आज सांगायचं असं ठरवून जायचो आणि पावसाच्या नाहीतर कारखान्याच्या गप्पा मारून यायचो. त्या घरी चहाला फार उशीर लागायचा. ओसरीवर आबा माझ्याकडे बघत बसायचे, मी जमिनीकडे. वाटायचं, सरपण ओलं असेल. आमच्या भागात ओलं सरपण येणार कुठून, हे सुचलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात आबा गेले. ऐंशी ओलांडली होती. दहावा झाल्यावर एका सकाळी मी गेलो. मावशी एकट्याच होत्या. मी बसायच्या आत बोललो.

"मावशी, बावीस उन्हानं गेला नव्हता. मी..."

"ज्वारीनं गेला," त्या म्हणाल्या. "छावणीत निम्मं गाव होतं, बाबा. मला त्याच दिशी कळलं."

"मग बोलला कावून न्हाईत?"

"ह्यांनी बोलू दिलं न्हाई. म्हणले, त्याच्या तोंडानं त्याला सांगू दे. तुमी आलात की आत येऊन मला म्हणायचे, आज सांगंल बग. चहा जरा दमानं ठिव."

मावशी उठून आत गेल्या. मी आबांच्या रिकाम्या बाजेकडे बघत बसलो.

त्या दिवशी चहा लगेच आला.