झेंडूच्या हारातली तार

दसऱ्याला आमच्याकडे विळ्यापासून पाण्याच्या मोटरीपर्यंत सगळ्यांना झेंडूचा हार चढतो. बाबांचा फुलांचा मळा चांदूर रेल्वेजवळ. त्या वर्षी धाकटा भाऊ ज्या हेलिकॉप्टरची देखभाल करायचा, ते निवडणुकीच्या प्रचारासाठी अकोल्यात मुक्कामी होतं. बाबा हार घेऊन निघाले आणि मी शिकवते त्या शाळेला सुट्टी म्हणून मलाही सोबत ओढलं.

बाबा हार दोऱ्यात नाही, बारीक तारेत ओवायचे. वाऱ्यात दोरा टिकत नाही, हा त्यांचा अनुभव. शिवाय हार-कुंकू मशीनच्या अंगालाच लागलं पाहिजे, वरच्या पत्र्याला लावून काय उपयोग, असा हट्ट. भावानं इंजिनाचं झाकण उघडलं. हार आत टेकवला, बाहेर नारळ फोडला. नंतर त्यानं हार काढला, पाकळ्याही वेचल्या. बोटभर तार तुटून आतच राहिली, ती कोणालाच दिसली नाही. मी मात्र हौसेनं फोटो काढत होते. ते फोटो आता बघवत नाहीत.

काही दिवसांनी पायलट एकटाच ते हेलिकॉप्टर अमरावतीला नेत होता. वाटेत हायड्रॉलिक तेलाचा दाब गेला आणि हातातला दांडा दगडासारखा जड झाला. धावत्या ट्रॅक्टरचं पॉवर स्टिअरिंग जावं तसं, पण हे आभाळात. त्यानं जिवाच्या आकांतानं ते एका पडीक वावरात घसटत उतरवलं. मशीन कलंडलं. माणूस वाचला, पण उजवा खांदा कामातून गेला. पुन्हा काही तो उडाला नाही.

चौकशीत तार सापडली. तेलाची नळी आणि तिला धरणारी पट्टी यांच्यामध्ये ती अडकली होती आणि इंजिनाच्या थरथरीनं नळीला घासत राहिली होती. भोक सुईच्या टोकाएवढं, पण दाबातलं तेल त्यातून फवाऱ्यासारखं उडून गेलं. तारेला झेंडूचा वाळका देठ तसाच होता. भावाची नोकरी गेली. घरी त्यानं रबराचं सील झिजल्याचं सांगितलं, खरं फक्त मला.

"बाबाले सांगू नको, ताई. त्यायले सहन होनार नाई."

मला राग आला होता. त्याचा, बाबांचा, सगळ्याचाच. तरी बाबांना काही कळू दिलं नाही.

पुढच्या दसऱ्याला भाऊ मळ्यातच राबत होता. मोटरीच्या पूजेसाठी बाबा अंगणात फुलं घेऊन बसले, तेव्हा त्यांच्या हातात सुई-दोरा होता. जन्मात मी त्यांना दोऱ्यात ओवताना पाहिलं नव्हतं. त्यांना कोणी सांगितलं, की त्यांनी स्वतःच ताडलं, कोण जाणे. भाऊ मोटर पुसून तिथं आला. त्याला तार संपली का, एवढंही विचारवेना.

बराच वेळ ओवून झाल्यावर बाबांनी मान वर न करता विचारलं, "त्या पायलटचा हात उचलल्या जाते काय रे आता?"

"नाई, बाबा," भाऊ म्हणाला.

बाबांनी दोऱ्याला गाठ मारली. त्या वर्षी तो हार मोटरीला चढला नाही.