वडिलांच्या नावासकट

"नाव सांगा. पूर्ण. वडिलांच्या नावासकट."

विश्रामबागेतल्या त्या लॅबमध्ये नऊ वर्षं मी साखर तपासायला जात होतो आणि नऊ वर्षं रक्त काढणाऱ्या बाई मला हेच विचारत होत्या. असल्या माणसाच्या हाती तुम्ही कधी सापडला असाल, तर माझा संताप तुम्हाला कळेल.

"आवं बाई, वळखत न्हाई का मला?"

"वळखते की. तरी सांगा."

बाई जतकडच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. एकदा मी फारच चिडलो, तेव्हा म्हणाल्या, "माझा बाप सगळी मेंढरं तोंडावरनं वळखायचा. तरी कोकराच्या कानाला खूण केल्याबिगर कळपात सोडायचा न्हाई."

"म्हंजे मी मेंढरू?"

"मेंढरू गप बसतं, आबा."

स्पिरिट लावलं की सुई हातात धरून नुसत्या उभ्या. वाळायची वाट बघत. माझी एसटी चुकायची वेळ, म्हणून मी फुंकर मारली. त्यांनी पुन्हा पुसलं, पुन्हा उभ्या. "तोंडातली घाण जाती फुंकरीनं." उपाशीपोटी या म्हणाल्या होत्या आणि मी अर्धा कप चहा घेतला होता, तर तसंच गावाला परत पाठवलं. सुई निघाली की कापूस दाबून हात सरळ धरायचा. जन्मभर उसाच्या मोळ्या उचललेला माणूस मी, कापूस काय धरायचा? हात दुमडला आणि निघालो. दोन दिवसांनी रिपोर्ट न्यायला गेलो तेव्हा कोपराच्या खळीत जांभळाएवढा डाग होता. बाईंनी नुसतं बघितलं. ते जास्त लागलं.

रक्त भरलं की माझ्यासमोर नळीला चिठ्ठी चिकटवायच्या. "वाचा." चिठ्ठी इंग्रजीत, आणि मी तिसरीत शाळा सोडलेली. पहिल्यांदा मी "बरोबर हाय" म्हणून उठलो. दुसऱ्या खेपेपासून त्या चिठ्ठीखाली बॉलपेनने मराठीत माझं नाव लिहायला लागल्या. ठळक, सुटं सुटं.

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजा वारला तेव्हा दोन्ही सुना गरोदर. दोघींना मुलगेच झाले आणि दोघींनीही आजाचंच नाव ठेवलं. माघार कुणी घेतली नाही. म्हणून मी गणपत, चुलतभाऊही गणपत. आडनाव एक, गाव एक.

त्या दिवशी आम्ही दोघं बरोबर लॅबमध्ये गेलो. भावाच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं, बाटली लागणार म्हणून त्याचा रक्तगट बघायचा होता. तो काठी टेकत लघवीला गेला आणि इकडे नावाचा पुकारा झाला. मी खुर्चीत बसलो, बाही वर केली.

"नाव सांगा. पूर्ण."

"चिठ्ठी हाय की हातात! वाचा."

"वडलांचं?"

मी तोंड मिटून बसलो. बाईंनी सुई खाली ठेवली. रांगेतला एकजण ओरडला, "आवं सांगा की, बापाचं नाव इसरला काय?" सगळे हसले. मग मात्र मी बोंबललो, "शंकर! शंकर!"

बाईंनी चिठ्ठी माझ्यापुढं धरली. "हितं रामचंद्र हाय."

रामचंद्र माझा चुलता. माझं रक्त त्या नळीत गेलं असतं तर टेबलावर भावाला माझ्या गटाची बाटली लागली असती. आमचे गट वेगळे निघाले, ते नंतर कळलं. नको ते रक्त चढलं की माणूस जातो.

बाई एवढंच म्हणाल्या, "उठा आबा. भावाला बसू द्या."

भाऊ अजून काठी टेकत बांधावर येतो. त्याला मी हे सांगितलेलं नाही.

बाई गेल्या वर्षी निवृत्त होऊन साताऱ्याला लेकीकडे गेल्या. नवी पोरगी चटपटीत आहे. "आजोबा, हात द्या," म्हणत पट्टा आवळायला लागली. मी हात मागं घेतला.

"आधी नाव इचार."

"अहो, लिहिलंय इथं."

"असू दे. इचार. वडलांच्या नावासकट."

तिनं विचारलं. मी सांगितलं. रक्त काढून झाल्यावर नळी तशीच ट्रेमध्ये ठेवायला निघाली, तेव्हा चिठ्ठी माझ्यासमोर चिकटवायला लावली. हात सरळ धरून कापूस दाबला, मग तिचं पेन मागून घेतलं आणि इंग्रजीच्या खाली, सुटं सुटं लिहायला लागलो. गणपत. शंकर.

मागं रांग कुरकुरत होती. कुरकुरू दे.