शेजाऱ्याची मेणबत्ती

मृतांच्या स्मरणदिनी वसईच्या दफनभूमीत मार्थाबाईंनी नवऱ्याच्या थडग्यावर मेणबत्ती लावली, आणि दुसरी पलीकडच्या, गवत माजलेल्या थडग्यावर. तिथे त्यांचा शेजारी पुरलेला होता. विहिरीच्या पाण्यावरून त्याने मार्थाबाईंना वीस वर्षं कोर्टात खेचत ठेवलं होतं.

"त्याला माफ केलंत?" मी विचारलं.

"नाही. पण मेणबत्ती लावायला त्याचं कुणी उरलं नाही."

सकाळीच फादरांनी प्रवचनात एक ग्रीक शब्द सांगितला होता, अगापे. समोरच्याची लायकी न बघता, परत काही न मागता केलेलं प्रेम. त्यासाठी आधी राग जावा लागतो, असं मी धरून चाललो होतो. बाईंचा राग तर शाबूत होता.

तेवढ्यात वाऱ्याने शेजाऱ्याची मेणबत्ती विझली.

"जिवंतपणीही असाच छळायचा," त्या पुटपुटल्या. मग नवऱ्याच्या ज्योतीवर ती पुन्हा पेटवून तळहाताचा आडोसा धरून बसल्या.